आवाज येईपर्यंत थांबू नका

जुन्या जपानी गाड्यांबद्दलचा एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘जपानी गाडी आहे, आवाज येईपर्यंत हात लावू नका. पेट्रोल भरा आणि चालवा.’ खाली त्याच्या पुष्ट्यर्थ काही मुद्दे दिलेत. माझ्याकडे १९९७ सालची गाडी आहे आणि ती आजही रोज रस्त्यावर असते, म्हणून मला हा मेसेज तिघांनी कौतुकाने पाठवला. त्यांतल्या एकाने नुकतीच वीस वर्षं जुनी गाडी घेतलीय. त्याने हे खरं धरलं तर गाडी हातची जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘टायमिंग बेल्ट कुरकुरायला लागला की बदला.’ कुरकुरतो तो बहुतेक वेळा बाहेरचा, अल्टरनेटरचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या हवा-धुराच्या झडपांची (व्हॉल्व्हची) उघडमीट पिस्टनच्या तालावर ठेवणारा पट्टा, कव्हरच्या आत असतो आणि तुटण्याआधी सहसा काहीच कळू देत नाही. त्याची मुदत बऱ्याच गाड्यांत साधारण १ लाख किलोमीटर असते, शिवाय वर्षांचीही मर्यादा असते. गाडी उभी राहिली तरी रबराचं वय वाढतच असतं. नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या डी आणि बी सिरीजच्या इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. टोयोटाच्या ४ए-एफईमध्ये सहसा इंजिन नुसतं बंद पडतं. मेसेज लिहिणाऱ्याचा अनुभव कदाचित अशाच इंजिनाचा असेल. टोयोटाच्या १झेडझेड-एफईला किंवा होंडाच्या के सिरीजला तर बेल्टच नाही, चेन आहे. तेव्हा आधी आपल्या इंजिनाचा कोड बघा. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद सापडली नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि ऑइल सील त्याच वेळी उरकून घ्या. नंतर पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागतं.

‘टॅपेट वाजत नाहीत म्हणजे इंजिन एक नंबर.’ मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वाक्याची, कारण ते ऐकायला पटतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी तरफ (रॉकर) यांच्यातला जोड; त्यात थोडी फट ठेवलेली असते. वाजतो तो सैल टॅपेट. टाईट झालेला टॅपेट अगदी गप्प असतो. वापराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो, दांडा वर सरकतो आणि रॉकरशी असलेली फट कमी होते. ती संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मिटलेला असतानाच तो आपली उष्णता सीटला देत असतो. मिटला नाही की कड जळायला लागते आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. माझी गाडी अशीच छान, शांत चालायची. एकदा रात्रभर थंड होऊ दिलेल्या इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) लावला. माझ्या इंजिनात एक्झॉस्टची फट ०.२३ ते ०.२७ मिमी हवी. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हमध्ये ०.१५ चं पातं जेमतेम शिरलं. लॉकनट सैल करून, स्क्रू किंचित फिरवून, ०.२५ चं पातं हलकंसं अडत सरकेल इतकी फट ठेवली. नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावं लागतं. मला तीनदा करावं लागलं. नंतर इंजिन पूर्वीपेक्षा जरा जास्त टिकटिकायला लागलं, आणि ते योग्यच होतं. (हायड्रॉलिक, म्हणजे फट आपोआप जुळवणाऱ्या, टॅपेटच्या इंजिनांना हे लागू नाही.)

‘जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो.’ या समजामागे कारण आहे. लोक तेल बदलतात ते गिअर घसरायला लागल्यावर. तोवर आतल्या क्लच प्लेट जळालेल्या असतात आणि दोष नव्या तेलावर येतो. तेल काळं, जळक्या वासाचं असेल आणि गिअर घसरत असतील, तर तेल बदलून खरंच काही वाचत नाही. पण गिअरबॉक्स धड असताना न बदलण्याला काही आधार नाही. प्लग काढून जेवढं निघेल तेवढं काढा आणि तेवढंच भरा. बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात) अडकून राहतं, म्हणून थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एक-दोनदा तसंच करा. तेल मात्र हँडबुकात दिलेलंच घ्या. होंडाचे जुने गिअरबॉक्स याबाबत विशेष नाजूक.

‘कूलंट नको, साधं पाणी चालतं.’ अडीअडचणीला चालतं, एरवी नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, पाण्याने ते आतून खाल्लं जातं आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात.

‘जपानी इंजिन तेल पीत नाही.’ १झेडझेड-एफईच्या सुरुवातीच्या गाड्या पितात, हे सर्वश्रुत आहे; पिस्टनमधली तेल परतण्याची भोकं लहान असल्याने रिंगा चिकटतात. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायला दोन मिनिटं लागतात.

‘गरम झाल्यावर स्टार्ट होत नसेल तर गाडीतला पेट्रोल पंप बदला.’ थांबा. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांत हा दोष बहुधा डॅशबोर्डखालच्या मेन रिलेचा, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचचा, असतो. चावी ऑन केल्यावर मागून साधारण दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. उन्हात तापलेल्या गाडीत ती येत नसेल आणि गाडी निवल्यावर येत असेल, तर रिले उघडा. आत पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसेल. तिथे पुन्हा सोल्डर केलं की झालं, पंपाला हात लावायची गरज नाही.