अर्ध्या ट्रॅक्टरचा मालक

रात्री अडीचला फोन वाजला की आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. बायको कूस बदलते आणि म्हणते, "घ्या, तुमचा अर्धा आजारी पडला."

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानमध्ये माझ्या मालकीचा अर्धा ट्रॅक्टर आहे. भाचा तिकडे जमीन कसायला घेऊन बसलाय. त्याच्याकडे दुपारचे तीन म्हणजे माझ्याकडे रात्रीचे अडीच. तीन वर्षांपूर्वी म्हणाला, "मामा, जुना ट्रॅक्टर मिळतोय, निम्मे पैसे घाला." मी ठाण्यात कासारवडवलीला पाचव्या मजल्यावर राहतो, शेती म्हणाल तर गॅलरीतला कढीपत्ता. तरी घातले, कारण पठ्ठ्याने इंजिनाचं नाव सांगितलं. 855 घनइंच, म्हणजे 14 लिटरचं, सहा सिलिंडरचं कमिन्स. रबाळे एमआयडीसीत एकतीस वर्षं मी याच जातीच्या जनरेटरची उस्तवार केली. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली, तिथली ही इंजिनं. पावसाळ्यात लाईट गेली की अख्खा ठाणे-बेलापूर पट्टा त्यांच्या जिवावर चालायचा. माणूस जुन्या मैत्रिणीच्या नावाने फसतो, मी इंजिनाच्या नावाने फसलो.

हा ट्रॅक्टर आपल्याकडे ऊस वाहतो तसला नव्हे. 280 एचपी, वजन दहा टनांच्या आसपास, चारही कोपऱ्यांना सारखीच चाकं, तीही जोडीजोडीने, म्हणजे टायर आठ. पुढची चाकं वळतच नाहीत. स्टिअरिंग फिरवलं की दोन हायड्रॉलिक सिलिंडर अख्खा ट्रॅक्टर मधोमध वाकवतात आणि मागची चाकं सुनेसारखी पुढच्यांच्या चाकोरीतून येतात (जुन्या काळच्या सुनेसारखी, हे बायकोने घालायला लावलं). मिनेसोटातल्या स्टायगर बंधूंनी 1950च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेतावरच असला एक जुळवला. विनिपेगच्या व्हर्सटाइलने 1966 पासून ते बाजारात आणले. 1977 साली माँटानातल्या हॅवर गावी सोळा सिलिंडरचा बिग बड 747 बनला, तो जगातला सगळ्यात मोठा शेती ट्रॅक्टर. आमचा याच भाऊबंदकीतला, 1979चा. नाव सांगत नाही, म्हातारपणी कुणाची अब्रू कशाला काढा.

भांडण पहिल्या महिन्यातच लागलं. अर्धा माझा, पण कुठला? पुढे इंजिन आणि केबिन, मागे मोकळी चासी आणि डिझेलची टाकी. भाच्याचं म्हणणं, "इंजिनाचे जाणकार तुम्ही, तेव्हा पुढचा तुमचा." पुढच्या अर्ध्यालाच सगळे आजार. थंडीत पारा उणे तीसला गेला की इंजिनाला रात्रभर हीटर लावून ठेवावा लागतो. बायको म्हणाली, इथे गिझर दहा मिनिटं जास्त चालला की ओरडता! पेरणीच्या दिवसांत तर हा बाबा तासाला पन्नासेक लिटर डिझेल पितो. मागच्या अर्ध्याने तीन वर्षांत मागितलं काय, तर टेललॅम्पचा एक बल्ब.

मधल्या सांध्याचे पिन-बुश झिजले तेव्हा मात्र पेच पडला. सांधा सामायिक. ताईने व्हिडिओ कॉलवर निवाडा केला, निम्मं-निम्मं, आणि वर लेकाला बजावलं, "इंजिन चालू असताना तू त्या फटीत उभा राहायचं नाहीस." बरोबरच आहे. स्टिअरिंग जरा हललं तर त्या सांध्यात माणसाचा पापड होतो. म्हणून तिथे काम करताना दोन्ही अर्ध्यांमध्ये लॉकचा लोखंडी दांडा घालतात. सील किट मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतलं. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, गुडघ्याची वाटी.

गेल्या मे महिन्यात ऐन पेरणीत फोन. "मामा, लोडवर आरपीएम वरखाली होतायत. ऐका." त्याने फोन इंजिनाजवळ धरला. बायको झोपलेली, म्हणून मी गॅलरीत येऊन स्पीकर मोठा केला. 280 घोडे पाचव्या मजल्यावरून खिंकाळले. समोरच्या विंगमधले चार दिवे लागले, आणि खालून वॉचमन टॉर्च घेऊन जनरेटर रूमकडे पळाला. मग वर बघून ओरडला, "सायेब, लाईट तर हाय की!"

मी त्याला खुणेने गप्प केलं आणि निदान सांगितलं, पीटी पंप, म्हणजे कमिन्सला डिझेल पुरवणारा पंप. पंप उतरव, टेस्टिंगला पाठव. भाचा कळवळला. तिकडे नुसत्या पंपाच्या तपासणीत माझी दोन महिन्यांची पेन्शन जाते. वॉचमन एव्हाना लिफ्टने वर आला होता. मूळचा जिंतूरकडचा, दहा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. फोनला कान लावून म्हणाला, "हवा घ्यायलाय बघा. डिझेलमदी हवा."

"अहो, पण कुठे थेंबभर ठिबकत नाहीये!"

"ठिबकंल कसं सायेब? पंप वढतोय न्हवं? डिझेल भाईर येत न्हाई, हवा आत जाती."

एकतीस वर्षं मी जनरेटरच्या शेजारी डबा खाल्ला आणि हे मला सुचू नये! दुसऱ्या दिवशी भाच्याने शोधलं. टाकीतून इंजिनाकडे येणारा होस नेमका सांध्यावरून गेलेला. प्रत्येक वळणाला वाकून आणि घासून त्याला केसाएवढी चीर पडली होती. जागा सामायिक, त्यामुळे होसचे पैसे निम्मे-निम्मे.

तेव्हापासून अडीचला फोन आला की भाचा मला "कसे आहात" एवढंच विचारतो आणि लगेच, "जरा खाली देता का?" मी पायजम्यावर फोन घेऊन खाली जातो. वॉचमन खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून इंजिन ऐकतो. त्याचं होईपर्यंत गेटवर कुणीतरी हवं. परवा एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून मला विचारलं, "बी विंग किधर है, चाचा?" मी रजिस्टर पुढे केलं आणि म्हटलं, "पहले एंट्री."