बारा वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला. दर सहा महिन्यांनी येतो, शब्द थोडे बदलतात, आशय तोच असतो. तो असा: घरमालकांनो सावध व्हा, सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार भाडेकरू सलग बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. म्हणून करार अकरा महिन्यांचाच करा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की पुरे. भाडेकरूला त्या पत्त्यावर आधार कार्ड काढू देऊ नका, लाइटबिल त्याच्या नावावर करू नका. आणि मुदत संपली की सरळ कुलूप बदला, घर तुमचं आहे.

रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांचं शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक छोटं वन बीएचके आहे. काका गेल्यापासून तीन वर्षं ते बंद पडलंय. मेन्टेनन्स आणि मिळकतकर मात्र त्या पेन्शनमधून भरतात. मागच्या महिन्यात एका हॉस्पिटलात नर्स असलेल्या दोन मुली घर बघून गेल्या होत्या आणि काकूंचं जवळजवळ ठरलं होतं. मेसेज वाचून त्या म्हणाल्या, "अगं, घर बंद राहिलेलं परवडलं, गेलेलं नाही परवडणार."

माझी निम्मी वकिली भाडेकरारांमध्येच जाते, त्यामुळे हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही. त्यापायी घरं बंद पडतात, भाडेकरूंना चोरासारखं वागवलं जातं आणि ज्यांना कागद नीट करायचा असतो ते चुकीचा कागद करून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी त्या निकालाचं बघू. मेसेजमध्ये निकालाचं नावही नसतं, तारीखही नसते. बहुतेक वेळा ज्याचा हवाला दिला जातो तो ७ ऑगस्ट २०१९चा, रवींदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर या खटल्यातला. तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रश्न होता प्रतिकूल कब्ज्याचा. दुसऱ्याच्या मिळकतीवर एखाद्याने बारा वर्षं उघडपणे कब्जा ठेवला असेल, तर मालकाने दावा लावल्यावर फक्त बचाव म्हणून त्याने ते सांगायचं, की त्या जोरावर त्याला स्वतःहूनही दावा लावता येतो? कोर्टाने सांगितलं की स्वतःहूनही लावता येतो. भाडेकरू बारा वर्षांनी मालक होतो, असं त्या निकालात कुठेही नाही. आणि बारा वर्षांची ती मुदतही कोर्टाने नव्याने आणलेली नाही, ती १९६३च्या मुदत कायद्यातच आहे.

मग प्रतिकूल कब्जा म्हणजे काय? समजा गावाबाहेर तुमचा प्लॉट आहे. कुणीतरी तुम्हाला न विचारता त्याला कुंपण घातलं, खोली बांधली, "हा प्लॉट माझा" असं चारचौघांत सांगितलं. तुम्हाला हे दिसत होतं, निदान दिसायला हवं होतं, आणि तरी बारा वर्षं तुम्ही कोर्टाची पायरी चढला नाहीत. तिथे तुमचा हक्क बुडू शकतो. कब्जा उघड हवा, सलग हवा, आणि मुख्य म्हणजे मालकाच्या हक्काला झुगारून हवा. या तीन गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी कब्जेदारावर असते आणि कोर्टं त्या सहजासहजी मान्य करत नाहीत. मालक सरकार असेल तर मुदत बाराऐवजी तीस वर्षांची आहे.

भाडेकरूची गोष्ट याच्या नेमकी उलट असते. तो तुमच्या परवानगीने आत आलेला असतो. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं भरणारा माणूस दर महिन्याला कबूल करत असतो की घर दुसऱ्याचं आहे. पुरावा कायद्याचं जुनं कलम ११६ हेच सांगायचं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम १२२ म्हणून आहे: ज्याने घर भाड्याने दिलं, त्याची मालकी भाडेकरूला तिथे राहून नाकारता येत नाही. परवानगीने आलेला माणूस बारा काय, चाळीस वर्षं राहिला तरी नुसत्या कालगणनेने मालक होत नाही.

एक खरी मेख मात्र आहे आणि ती मेसेजमध्ये कधीच नसते. भाडेपट्टा रीतसर संपवला, नोटीस दिली, आणि त्यानंतर बारा वर्षं मालकाने ताब्यासाठी दावाच लावला नाही, तर मुदतीचा प्रश्न उभा राहू शकतो. धोका भाडेकरूच्या वास्तव्यात नसून मालकाच्या झोपेत आहे. नोटीस पाठवून विसरून जाऊ नका, इतकंच त्यातून घ्यायचं.

आता "अकरा महिन्यांचाच करार करा, नाहीतर कूळ लागेल" हे वाक्य. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्याकडे जुन्या माणसांनी दोनदा हे प्रत्यक्ष घडताना पाहिलंय.

एकदा शेतात. १९४८च्या कूळकायद्याने पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारी कुळं त्या जमिनीची मालक मानली गेली. त्यासाठीही त्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकशी, किंमत ठरणं, ती भरणं, मग कलम ३२-म खाली खरेदीचं प्रमाणपत्र अशी वाट होती. पण ज्या घरांतून जमिनी गेल्या तिथे "कूळ लागलं" हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या भीतीने उच्चारले गेले. ज्यांना त्या कायद्याने पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली त्यांच्या घरात तेच शब्द अभिमानाने सांगितले जातात, हेही विसरू नये. पण तो कायदा शेतजमिनीचा होता. फ्लॅटला कूळ लागत नाही.

दुसऱ्यांदा शहरात. भाडेनियंत्रण चुकवायला मालक भाड्याऐवजी लिव्ह अँड लायसन, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी, असा करार करू लागले होते. मग १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन चालू होतं आणि जे जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानण्यात आलं. काल अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस एका तारखेला संरक्षित भाडेकरू झाला. मुंबई-पुण्यातल्या कित्येक मालकांच्या मनात ती तारीख कोरली गेली. पण तेव्हाही तो भाडेकरू झाला होता, मालक नव्हे. आणि ती सवलत त्या एकाच तारखेपुरती होती. आज लायसन घेतलेल्याला ती लागू नाही.

आता शहरांत महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चालतो, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात अकरा महिन्यांना काही जादू नाही. लिव्ह अँड लायसन दोन वर्षांचं करा, तीन वर्षांचं करा, साठ महिन्यांपर्यंतचे करार रोज नोंदले जातात. तरी लोक अकरा महिने झाले की भाडेकरूला एक दिवस सामान बाहेर काढायला लावतात, मध्ये "खंड" दाखवतात आणि दुसऱ्या दिवसापासून नवा करार करतात. लहान मुलं, गॅसची शेगडी, देवाचे फोटो असं सगळं जिन्यात मांडून बसलेलं कुटुंब मी पाहिलंय. त्या खंडाला कायद्यात काडीचा अर्थ नाही.

मग अकरा हा आकडा आला कुठून? नोंदणी कायदा १९०८ सांगतो की एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. त्यातून पळवाट म्हणून देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. दुसऱ्या काही राज्यांत ती अजून चालते. महाराष्ट्रात मात्र चालत नाही, आणि मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला नेमका हाच आहे.

१९९९च्या कायद्याचं कलम ५५ वाचा. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसनचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत किती, हा प्रश्नच तिथे नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरा फटका पुढे आहे. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. तुम्ही म्हणाल वीस हजार भाड्याने अकरा महिन्यांसाठी लायसन दिलं, तो म्हणेल बारा हजारांवर कायमचा भाडेकरू म्हणून आलो. तुमच्या हातातला नोटरीचा कागद तिथे तुम्हाला तारणार नाही. भाडेकरूच्या भीतीने जो कागद वाचवला, तोच त्याच्या हातात हत्यार देतो.

उलट, राहण्यासाठी दिलेलं लायसन लेखी आणि नोंदवलेलं असेल तर कलम २४ मालकाच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर वर्षानुवर्षं दिवाणी दाव्यात फिरायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील त्या दिवसांचं दुप्पट दराने नुकसान भरून मागता येतं.

खर्चाचं म्हणाल, तर काकूंना मी फोनवरच हिशेब करून दाखवला. भाडं वीस हजार, डिपॉझिट साठ हजार, मुदत अकरा महिने. अकरा महिन्यांचं भाडं दोन लाख वीस हजार. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरलं तर त्या काळाचे साडेपाच हजार. या एकूण रकमेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटची मजुरी वेगळी, ती आधी ठरवून घ्यावी. एका महिन्याचं भाडं पणाला लावण्याइतकीही ही रक्कम नाही.

कुलूप बदलण्याचा सल्ला तर मालकालाच खड्ड्यात घालणारा आहे. मुदत संपली तरी ताबा घ्यायचा तो कायद्याच्या मार्गाने. कुणाला त्याच्या संमतीविना आणि कायद्याच्या प्रक्रियेविना बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात "पण मालक मीच आहे" हे उत्तर चालत नाही. पाणी किंवा वीज तोडायलाही १९९९च्या कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे. चिडलेले मालक सगळ्यात आधी हेच करतात आणि जिंकत आलेली बाजू घालवून बसतात. भाडेकरूंनी हे लक्षात ठेवावं: दारावर परकं कुलूप दिसलं तर फोटो काढा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि सहा महिन्यांची मुदत चुकवू नका.

राहिला आधार कार्ड आणि लाइटबिलाचा मुद्दा. आधार, मतदारयादी, गॅस कनेक्शन, लाइटबिल यांतून माणूस कुठे राहतो ते कळतं, घर कुणाचं ते नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीनेसुद्धा मालकी मिळत नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय, तिथे लाइटबिलाची काय कथा? पण पत्त्याचा पुरावा अडवल्याने भाडेकरूचं काय होतं ते मालकांना दिसत नाही. मुलाच्या शाळेच्या प्रवेशाला, बँक खात्याला, मतदारयादीत नाव घालायला तोच कागद लागतो. ज्याच्याकडून दर महिन्याला पैसे घेतो, त्याला तो कुठे राहतो एवढंही सांगू द्यायचं नाही, हे मला कधीच पटलं नाही.

गेल्या शनिवारी काकूंचा करार नोंदवला. एजंट बायोमेट्रिकचं मशीन घेऊन घरीच आला होता. काकूंचा अंगठा लागेचना. आयुष्यभर भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. एकदा, दोनदा, हात पुसून तिसऱ्यांदा. त्या नर्स मुलींपैकी एकीने बॅगेतून थोडं क्रीम काढलं, काकूंच्या बोटाला चोळलं, पुसलं आणि मशीनवर हळूच दाबून धरलं. हिरवा दिवा लागला. करार दोन वर्षांचा आहे. प्रत हातात आल्यावर काकूंनी ती पिशवीत ठेवली, मग थांबून मुलींना विचारलं, "तुम्हालाही एक लागेल ना गं, बँकेत दाखवायला?"