‘वाळवंटातलं झाड, त्याला काय होतंय?’

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय: ‘ग्रीनहाऊसमध्ये दुर्मीळ निवडुंग लावा, दोन वर्षांत लाखो कमवा.’ वर अरिओकार्पस, ॲझ्टेकियम अशी भारदस्त नावं आणि खाली सूचना. ग्रीनहाऊस बंद ठेवून ऊब धरा, नुसती वाळू भरा, कडक ऊन द्या, महिन्याला चमचाभर पाणी, थंडीत हीटर, वाढ दिसेना तर युरिया. लिहिणाऱ्यानं जुलैतलं कोल्हापूर बघितलेलं नाही, एवढं नक्की. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार.

‘बंद ठेवून ऊब धरा.’ सगळ्यात जास्त झाडं याच वाक्यानं मरतात. काचेचं बंद घर ही युरोपातल्या थंडीची गरज. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण चौदा-पंधराच्या आसपास असतो. कुंडी कोरडी असेल तर हे निवडुंग तेवढी थंडी आरामात काढतात, त्यामुळं हीटरचा विषय इथंच संपला. आपला शत्रू पाऊस आणि दमट हवा. म्हणून इथलं ग्रीनहाऊस म्हणजे फक्त छत्री हवी: वर प्लास्टिक, चारी बाजू जाळीच्या. हातकणंगले-शिरोळकडं ढबू मिरची आणि जरबेरासाठी फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारे) लावलेली पॉलिहाऊस आहेत, ती बघून निवडुंगाचा आराखडा काढू नका. त्या पिकांना जो ओलावा लागतो, तोच यांना कुजवतो.

बंद घराचा दुसरा तोटा रात्रीचा. बहुतेक निवडुंग पर्णरंध्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतात. यांच्या मूळ गावी, मेक्सिकोच्या उंच पठारावर, दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते. मे महिन्यात दिवसभर तापलेलं बंद छप्पर रात्रीही घुसमटलेलं राहिलं, तर झाडाचा हा व्यवहारच अडतो. वर कोंदट हवेत लाल कोळी ही कीड येते ती वेगळीच.

‘नुसत्या वाळूत लावा.’ ॲझ्टेकियम रिटेरी उभ्या कड्यांच्या फटीत वाढतो. बरेचसे अरिओकार्पस चुनखडीच्या खड्यांत असतात, तर कोत्शुबेयानस नावाची जात पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या गाळाच्या सपाटीवर. नदीची बारीक वाळू कुंडीत दबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. क्रशरची बारीक खडी धुऊन, तिचा धुरळा पार काढून घ्या, त्यात विटांचे तुकडे आणि थोडी माती मिसळा. माती कमीच.

‘महिन्याला चमचाभर पाणी.’ चमचाभर पाण्यानं वरचा थर ओला होतो, खालची मुळं वाळतात. द्यायचं तर तळातून बाहेर येईपर्यंत द्या, मग कुंडी पूर्ण सुकू द्या. सुकते ती मार्च ते मे आणि पाऊस उघडल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये सुकतच नाही, म्हणून तेव्हा हात आवरा. अरिओकार्पसचं खालचं मूळ जाड कंदासारखं असतं आणि कूज सुरू होते ती कंद आणि डोकं जुळतात त्या मानेपाशी. वरून झाड ठणठणीत दिसतं, कुंडीतून काढून मानेला बोट लावलं की बोट आत जातं. काढलंच आहे तर मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का तेही बघा, तो पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड.

‘कडक ऊन द्या.’ मूळ ठिकाणी अरिओकार्पस जमिनीशी सपाट, अर्धा गाडलेला, कितीदा झुडपाच्या सावलीत असतो. इथं उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची शेडनेट लागतेच. पण खरा घात ऑक्टोबर करतो. पावसाळाभर ढगाखाली राहिलेल्या झाडावर एकदम ऊन पडलं की साल भाजते आणि तो डाग कायमचा. आणि अरिओकार्पस फुलतो तो नेमका याच दिवसांत.

युरियाबद्दल काय बोलायचं! झाड फुगतं, तडकतं, आणि पुढच्या पावसात कुजतं.

राहिले ते लाखो रुपये. ॲझ्टेकियमचं रोप वर्षभरात मोहरीएवढं झालं तरी खूप. अरिओकार्पसला बीपासून फुलापर्यंत आठ-दहा वर्षं सहज लागतात. कलमानं वेग येतो, हे खरं. नर्सरीत तिधारी खुंटावर बसवलेले लाल-पिवळे गोळे दिसतात ते कलमच, त्यांच्यात हरितद्रव्य नसल्यानं खुंटाशिवाय ते जगत नाहीत. अरिओकार्पसचंही कलम होतं, पण झाड फुगीर होतं आणि त्याचा मूळचा चपटा, दगडी घाट जातो. जाणकार गिऱ्हाईक दाम मोजतं ते त्या घाटाचेच.

मग दोन वर्षांत विकायला मोठी झाडं येणार कुठून? अनेकदा रानातून उपटून. 2020 मध्ये इटलीत एका छाप्यात हजारावर निवडुंग सापडले होते, बहुतेक चिलीतल्या रानातले कोपियापोआ. रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा सायटीस नावाचा करार आहे, अरिओकार्पसची अख्खी प्रजाती त्याच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यातही सायटीसच्या जातींसाठी वेगळी अनुसूची आहे. कुणी मुठीएवढा अरिओकार्पस स्वस्तात देत असेल, तर आधी तो बीपासून वाढवल्याचा कागद मागा.