बी१२ कमी असणं आणि ब्लड कॅन्सर: त्या मेसेजमध्ये काय खरं, काय खोटं

एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय. म्हणे रक्तातल्या तिन्ही पेशी (लाल, पांढऱ्या, प्लेटलेट) कमी दिसल्या की डॉक्टर ब्लड कॅन्सर सांगून घाबरवतात, खरं तर बी१२ कमी असतं, टेस्टच्या मागे लागू नका, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी१२ ची इंजेक्शनं घ्या, बरं वाटेल.

यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच मला याची जास्त भीती वाटते.

"डॉक्टर उगाच घाबरवतात" हे आधी घेऊ. बी१२ किंवा फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) फार कमी झालं की पेशींचा डीएनए नीट बनत नाही, पेशी नुसत्या मोठ्या होतात आणि बऱ्याचशा बोन मॅरोमध्येच (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) मरतात, मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच खाली येतं, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) प्रचंड वाढतं आणि मॅरोत कच्च्या पेशींची गर्दी दिसते. हे चित्र ल्युकेमिया (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) किंवा एमडीएससारखं (मॅरोत पेशी नीट न बनण्याचा, कॅन्सरच्याच गटातला आजार) दिसू शकतं, अनुभवी डोळ्यालाही. म्हणजे शंका येणं बरोबरच आहे, त्यात फसवणूक कसली?

"टेस्ट नको" हे मात्र सरळ जिवावर बेतणारं आहे. बी१२, फोलेट या साध्या रक्ताच्या टेस्ट आहेत, फक्त सॅम्पल इंजेक्शनच्या आधी द्या. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार, सीबीसी रिपोर्टमध्ये असतो) १०० च्या वर असेल तर बी१२ चा संशय वाढतो, पण एमडीएसमध्येही ते वाढतं. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून तपासलेल्या रक्तात) ब्लास्ट म्हणजे अगदी कच्च्या पेशी दिसल्या तर मॅरोची तपासणी टाळूच नका. एपीएल नावाच्या ल्युकेमियातही तिन्ही पेशी कमी असू शकतात, तो वेळेत पकडला तर बहुतेक पेशंट बरे होतात, पण उशीर झाला तर रक्तस्रावाने माणूस काही दिवसांतही जाऊ शकतो.

आणि बी१२ कमी निघालं म्हणजे कॅन्सर नाहीच असंही नाही, दोन्ही एकत्र असू शकतं. उलट सीएमएल या ल्युकेमियाच्या प्रकारात बी१२ चा आकडा वाढलेला येतो.

"बरं वाटेल" म्हणजे काय ते मोजता येतं. कमतरताच असेल तर उपचार सुरू केल्यावर आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) वाढतात, साधारण दोन महिन्यांत पेशींचे काउंट नॉर्मलला येतात. तसं झालं नाही तर परत हेमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे) जा.

राहिलं फॉलिक ॲसिड. बी१२ कमी असताना नुसतं तेच घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि आत मज्जातंतूंचं (नर्व्हचं) नुकसान चालूच राहतं, ते कधी कधी कायमचं असतं.