स्टेजवर रंगीत पाणी

आज लेकीच्या शाळेचा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कार्यक्रम होता आणि त्यात आठवीच्या पोरांचे रसायनशास्त्राचे प्रयोग. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गळीत हंगाम तोंडावर आलाय, कारखान्याच्या लॅबमध्ये मान वर करायला सवड नाही, तरी अर्धी रजा टाकून गेले.

आणि काय बघितलं? पांढरे कोट घातलेली बारा पोरं ओळीनं उभी. प्रत्येकाच्या हातात परीक्षानळी आणि नळीत खायचा रंग घातलेलं पाणी. मागे एलईडीच्या पडद्यावर कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेचा व्हिडिओ. पडद्यावर फेस उसळला की पोरांनी नळी उंच धरायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या. आदल्या संध्याकाळी ठरलं म्हणे, सुरक्षिततेसाठी. माझी लेक लाल पाणी धरून उभी होती आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

ती जो प्रयोग करणार होती तो माझा होता. मी हुपरीची, कोल्हापूरजवळच्या चांदीकामाच्या गावची. नववीत असताना शाळेच्या कार्यक्रमात मी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार सोडून दाखवणार होते. तारेवर चांदी उगवते, बघता बघता पांढरट लव धरते आणि पाणी हळूहळू निळसर होतं, कारण चांदी बाहेर येते आणि तिच्या जागी तांबं विरघळतं. मी तार सोडली. एक मिनिट झालं, तीन मिनिटं झाली, काहीच नाही. मंडपात चुळबूळ सुरू झाली. सर घामाघूम. मी तर रडायच्या बेतात. आणि मागच्या रांगेतून आमच्या अण्णांचा आवाज आला, "आगं, मोटरच्या वायंडिंगची तार हाय ती! वार्निश असतंय तिला. घास की आधी!"

सरांनी तिथल्या तिथं पॉलिश पेपर आणवला. मी तार घासली, परत सोडली, आणि चांदी आली.

अण्णा शाळा चौथीत सोडलेला माणूस. जुनी चांदी तेजाबात विरघळवायची, त्यात तांब्याची पट्टी सोडून चांदी परत खाली पाडायची, धुवायची, टाकणखार टाकून मुशीत वितळवायची, यातच जन्म गेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण रोज करतो ते पोरीच्या पुस्तकात आहे. आणि मला कळलं की पुस्तकातलं आमच्या पडवीत आहे. आज मी लॅबमध्ये बसून उसाच्या रसाचा सामू तपासते ना, त्याची सुरुवात त्या न उगवलेल्या चांदीपासून झाली.

रंगीत पाणी कधीच फसत नाही हो! म्हणूनच ते पोरांच्या हातात देणं ही फसवणूक आहे. ज्या प्रयोगात चुकायची सोय नाही त्याला प्रयोग म्हणायचं कशाला?

पालकांच्या ग्रुपवर आता चालू आहे, "बरंच झालं, आग लागली असती म्हणजे?" एक जण तर लिहितोय की याला परीक्षेत मार्क किती. त्याला मी उत्तर देणार नाही. आगीची भीती मात्र खरी आहे, मान्य. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघून आपल्यातलं कोण रडलं नाही? आणि अमोनियम डायक्रोमेटचा तो ज्वालामुखी शाळांनी कायमचा बंदच करावा, त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे. पण आमच्या पोरांच्या यादीत आग होतीच कुठं? हळदीच्या कागदावर चुन्याच्या पाण्यानं लिहायचं, अक्षरं लाल होतात, कुंकू त्याच रसायनानं लाल होतं. चुन्याच्या निवळीत फुंकर घालायची, ती दुधाळ होते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की काळी शाई. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला हाच हिरडा लागतो. यातलं काय पेटणार होतं, सांगा मला. आणि सिल्व्हर नायट्रेटला हातमोजे आणि चष्मे लागतात, ते मी स्वतः आणून दिले होते. पिशवी तशीच परत आली.

चहा करून आले. जरा शांत झालेय.

शाळेवर सगळा राग काढणंही बरोबर नाही. काही झालं तर पहिली मान बाईंचीच धरणार आपण, हे मलाही कळतं. बाईंचा चेहरा पडला होता. त्यांनीच पोरांकडून रोज शाळा सुटल्यावर तालीम करून घेतली होती.

पण परत तेच डोक्यात येतंय. लंडनमध्ये मायकेल फॅराडेच्या पुढाकारानं १८२५ साली नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्यानं सुरू झाली, महायुद्धातली काही वर्षं सोडली तर अजून चालू आहेत. फॅराडे लोहाराचा पोरगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. त्यानं तिथं नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, पेटवलेल्या खऱ्या मेणबत्तीवर. आणि आपल्याकडे अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते इतकी वर्षं गावोगाव काय दाखवत फिरले? बुवाचा होम मंत्रानं पेटत नाही, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळानं आपोआप पेट घेतं. समोर करून दाखवलं म्हणून लोकांनी मानलं. पडद्यावरचा जाळ आणि बुवाचा होम, दोन्ही लांबूनच बघायचे असतील तर पोरांनी फरक कशावरून ओळखायचा?

माझ्या बोटांवर त्या सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग आठवडाभर होते. आई तांब्या घासायची चिंच लावून घासत होती, गेले नाहीत. मी वर्गात मुद्दाम ते बोट वर करून उत्तरं द्यायची. आज लेक घरी आली, हात धुतले, खायचा रंग एका पाण्यात निघून गेला.

रात्री तिचा कंपासबॉक्स उघडला तर कागदात गुंडाळलेली तार. चारी बाजूंनी घासलेली, लखलखीत. मी सांगितलेलं विसरली नव्हती.

तर असं ठरवलंय. भाऊबीजेला आम्ही हुपरीला जातोय. भावाला फोन केलाय, तो अजून चांदीच्याच कामात आहे. तेजाबाला हात तोच लावेल, पोरं फक्त तार सोडतील, उघड्या अंगणात. त्या बारा पोरांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांच्या आईबापांनी मला मेसेज करा. चष्मे आणि हातमोजे आहेत माझ्याकडे. जुने कपडे घालून पाठवा. अण्णा खुर्चीतच बसलेले असतात. त्यांना आता कमी दिसतं, पण तार नीट घासलीय की नाही ते बोट फिरवून सांगतात.