‘प्रत्येक आईने वाचा’ म्हणणारा तो मेसेज मी वाचला

रात्री पावणेबाराला भाचीचा फोन. “मावशी, सातव्या महिन्यात मी दोनदा सोनोग्राफी केली होती. त्यामुळेच झालं का गं?” मला आधी कळेचना, ती कशाबद्दल बोलतेय. मग तिने सासरच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला. मथळा असा: ‘लहान मुलांना ब्लड कॅन्सर का होतो? सात कारणे. प्रत्येक आईने वाचा.’ सात कारणं म्हणजे मोबाईल टॉवर आणि वायफाय, उच्चदाबाच्या विजेच्या तारा, गरोदरपणातली सोनोग्राफी, जन्मल्याबरोबर दिलेली इंजेक्शनं आणि लसी, साखर-मैदा, मायक्रोवेव्ह आणि घरातली कीटकनाशकं. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘आई सावध असती तर हे मूल आजारी पडलं नसतं.’

भाचीचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला एएलएल आहे, म्हणजे अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. मुलांच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त दिसणारा तो हाच, आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात तो सर्वाधिक होतो.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतेय. त्याच्या रक्ताची पहिली स्लाइड मीच केली होती. दहा दिवस ताप हटत नव्हता, नडग्यांवर निळे डाग होते आणि पोरगं चालायलाच तयार नव्हतं, म्हणून भाची त्याला घेऊन आली. काचपट्टीवर थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढला, वाळवला, लेशमनचा रंग दिला, धुतला आणि तेलाच्या लेन्सखाली ठेवला. भलीमोठी जांभळी केंद्रकं, भोवती निळसर कड जेमतेम नखाएवढी, आणि सगळ्या पेशी एकसारख्या, म्हणजे ल्युकेमियाच्या. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट शोधून सापडेनात. बाहेर बाकावर ती त्याला बिस्किट भरवत बसली होती. तेव्हापासून आज पाच महिने झाले, ही पोर आपलं गरोदरपण दिवसादिवसाने आठवून त्यात स्वतःची चूक शोधतेय. त्यात हा मेसेज.

म्हणून शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते.

आईच्या सावधपणाचा या आजाराशी संबंध नाही. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ मेल ग्रीव्हज यांनी आयुष्यातली अनेक वर्षं मुलांच्या ल्युकेमियावर घालवली आणि २०१८ साली ‘नेचर रिव्ह्यूज कॅन्सर’ या नियतकालिकात तोवरचा पुरावा एकत्र मांडला. त्याचं सार असं की हा आजार बहुतेकदा दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा पोटातच घडतो. रक्ताच्या पेशी अफाट वेगाने तयार होत असताना एखाद्या पेशीत दोन जनुकं तुटतात आणि चुकीची एकमेकांना जोडली जातात. हे कळलं कसं, तेही ऐका. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून ठेवायची पद्धत काही देशांत आहे. पुढे ज्यांना ल्युकेमिया झाला, त्या मुलांचे हे जुने कागद काढून तपासले. तर आजारात सापडलेला नेमका तोच जोड कित्येकांच्या जन्मावेळच्या रक्तातही होता. एकाच वारेवर वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांमध्ये तर एकाच्या अंगात झालेला बिघाड वारेतून दुसऱ्याकडे गेलेला सापडला.

ग्रीव्हज म्हणतात, असा सर्वांत नेहमीचा जोड साधारण शंभरातल्या एका बाळात असतो, आणि त्यातल्याही शंभरातल्या एखाद्यालाच पुढे आजार होतो. म्हणजे कितीतरी आयांच्या पोटी ही पेशी घेऊन बाळं जन्मतात, खेळतात, शाळेत जातात आणि कुणाला काही कळतही नाही. कुठल्या आईने काय खाल्लं, कुठे झोपली, किती रडली, याचा हिशेब यात कुठे बसतो?

दुसरा टप्पा जन्मानंतरचा. पहिल्या वर्षात साध्यासुध्या संसर्गांशी गाठ कमी पडली, तर नंतरच्या एखाद्या संसर्गाला शरीर नको तितका जोरदार प्रतिसाद देतं आणि त्यातून उरलेला बिघाड घडतो, असं ग्रीव्हज यांचं म्हणणं आहे. पाळणाघरात लवकर गेलेल्या आणि सहा महिने किंवा जास्त अंगावर प्यालेल्या मुलांत एएलएल थोडा कमी आढळतो, हे त्याच्याशी जुळतं. हा भाग अजून शंभर टक्के सिद्ध झालेला नाही. आणि हे वाचून ‘मग पाळणाघरात का नाही घातलं’ असं कुणी माझ्या भाचीला विचारायला गेलं, तर गाठ माझ्याशी आहे. लाखो मुलं घरीच वाढतात आणि ठणठणीत असतात.

आता सोनोग्राफी. ते ध्वनीचे तरंग आहेत. किरणोत्सर्ग नाही, त्याचा अंशही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एक्स-रे आणि सोनोग्राफीची सरमिसळ केलीय. एक्स-रेबद्दल मात्र खरी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये अॅलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईंनी १९५६ साली दाखवून दिलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांत कॅन्सर जास्त होता. सुरुवातीला त्यांचं कुणी ऐकलं नाही, पण पुढे ती पद्धत बंद पडत गेली आणि तिची जागा घेतली ती याच सोनोग्राफीने. भाचीने जे केलं तो सुरक्षित पर्याय होता.

सगळ्यांत जास्त संताप आला तो चौथ्या मुद्द्याचा, जन्मावेळची इंजेक्शनं आणि लसींचा. कारण त्याचा परिणाम घरात झालासुद्धा. भाचीच्या जावेचं बाळ त्याच घरात आहे, त्याला नुकते नऊ महिने पूर्ण झाले. मेसेज वाचून तिने गोवर-रुबेलाची लस ‘थोडं थांबून बघू’ म्हणून लांबवली.

याचा उगम कुठे आहे, तेही सांगते. १९९०च्या सुमाराला ब्रिस्टलच्या एका अभ्यासात जन्मावेळी दिलेल्या व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनाचा आणि मुलांच्या कॅन्सरचा संबंध दिसल्यासारखा वाटला होता. म्हणजे मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करते. पण मग इतरांनी तपासलं. एकट्या स्वीडनमध्ये तेरा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या, संबंध सापडला नाही. अमेरिकेत आणि खुद्द ब्रिटनमध्येही नंतर तसं ठरलं नाही. उलट हे इंजेक्शन न दिलेल्या तान्ह्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो कुणाला विचारून येत नाही. लसींचं तर याहून स्पष्ट आहे: लसींमुळे ल्युकेमिया होतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावाच नाही.

आणि आता नीट ऐका, कारण हे आपल्या घरातलं आहे. केमो चालू असलेल्या मुलाला गोवर झाला, तर अंगावर पुरळही न उठता थेट न्यूमोनिया होऊ शकतो, जिवावर बेतणारा. पूर्वी घेतलेल्या डोसांची ताकद केमोने उतरते, आणि उपचार चालू असताना जिवंत विषाणूंची लस त्याला देता येत नाही. मग त्याला वाचवणार कोण? आजूबाजूला राहणारी, लस घेतलेली माणसं. त्याच्या शेजारी रांगणारं ते नऊ महिन्यांचं बाळ. एक ‘पुढे पाठवा’ दाबून आपण नेमकी ती भिंत पाडतोय. (पोलिओचा तोंडावाटे द्यायचा डोस असेल, तर घरात केमोचं मूल आहे हे आधी डॉक्टरांना सांगायचं, एवढी एक काळजी घ्या.)

मोबाईल टॉवरचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये कॅन्सर झालेल्या पाच वर्षांखालच्या १,३९७ मुलांची तुलना चौपट निरोगी मुलांशी केली. त्यांच्या आया गरोदर असताना टॉवर किती जवळ होता, त्याची शक्ती किती होती, हे सगळं मोजलं. २०१० साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: संबंध नाही. मायक्रोवेव्हवर लिहायची माझी इच्छाच नाही, तो अन्न गरम करतो, बास. साखर-मैद्याने ल्युकेमिया होत नाही. पण या मुद्द्यामुळे स्टेरॉइडच्या आठवड्यात रात्री दोन वाजता भुकेने कळवळून गुळतूप-पोळी मागणाऱ्या पोराला त्याच्या आजीने ‘गोड नको’ म्हणून परतवलं. त्याने काय खायचं ते त्याचे डॉक्टर सांगतात, ग्रुप नाही.

उच्चदाबाच्या तारांबद्दल मात्र थोडं तथ्य आहे. ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच्या चुंबकीय क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत ल्युकेमिया साधारण दुपटीने दिसला, आणि २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं. पण इतकं क्षेत्र फार थोड्या घरांत असतं आणि तारांमुळेच होतं असं अजून ठरलेलं नाही. भाचीच्या घराजवळून तशी लाइन जातही नाही.

कीटकनाशकांचा मुद्दा मी खोडणार नाही. २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात सोळा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घराच्या आत कीटकनाशक वापरण्याशी ल्युकेमियाचा धोका जवळजवळ दीडपट निघाला. मुळात आजार दुर्मिळ, त्यामुळे दीडपट होऊनही तो दुर्मिळच राहतो. तरी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ घरात असताना ढेकणा-झुरळांचा फवारा मारू नका. आमच्या तासगावकडे द्राक्षबागेतली फवारणी करून तेच कपडे घालून बाळाला उचलतात, ते तर आजच थांबवा. सात मुद्द्यांतला कामाचा एवढा एकच, आणि तो मेसेजमध्ये एका ओळीत गुंडाळलाय.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना ल्युकेमियाचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. त्या आईबापांना ताप, फिकेपणा, निळे डाग यांकडे डोळ्यांत तेल घालून बघायला सांगायला हवं होतं. त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

भाचीला त्या रात्री एवढंच सांगितलं की तू काही केलं नाहीस, तू त्याला वेळेत घेऊन आलीस. तिने हो म्हटलं, पण तिला पटलंय की नाही ते मला कळलं नाही, म्हणून हे सगळं लिहून ग्रुपवरच टाकतेय. आणि जाऊबाईंना वेगळं: बुधवारी उपकेंद्रात लसीकरण आहे. बाळाचं कार्ड शोधून ठेव, सकाळी दहाला मी घ्यायला येते.