तत्त्व ७ची यादी म्हणजे लॉबिंगचा हिशेब नव्हे

गुंतवणूकदारांच्या गटांत एक दावा बराच फिरतो आहे: सेबीच्या बीआरएसआर अहवालामुळे (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा वार्षिक अहवाल) वरच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांचं लॉबिंग, म्हणजे सरकारी धोरण आपल्या बाजूने वळवण्याचे प्रयत्न, उघड झालं, कंपनी कोणत्या उद्योग-संघटनांची सदस्य आहे, सरकारकडे काय मागते, सगळं छापून येतं, त्रयस्थाकडून तपासलंही जातं, म्हणजे अमेरिकेइतकीच पारदर्शकता. अहवाल खरा आहे, २०२२-२३ पासून सक्तीचाही आहे. पुढचं मात्र टिकत नाही.

"सदस्यत्व कळतं." अर्धवट कळतं. अहवालाची मांडणी तत्त्वांनुसार असते; त्यातल्या धोरणांवरच्या प्रभावाविषयीच्या तत्त्व ७ खाली कंपनी एकूण किती संघटनांशी संलग्न आहे तो आकडा देते आणि दहांचीच नावं देते. कोणत्या दहा? जिथे कंपनीची वर्गणी मोठी त्या नव्हेत, ज्यांची सदस्यसंख्या मोठी त्या. मेख इथेच आहे. सीआयआय, फिक्की या देशव्यापी उद्योग-संघटना, पुण्याचं मराठा चेंबर यांचे सदस्य हजारांनी, म्हणून ही नावं आपोआप वर जातात. सिमेंट किंवा वाहन उत्पादकांच्या संघटनेत सदस्य मोजके, पण कराचा दर, उत्सर्जनाचे निकष असल्या नेमक्या मागण्या तिथून निघतात. समजा आकडा २३ आहे आणि नावं १०, तर अशी संघटना उरलेल्या १३ मध्ये असू शकते, तीही नियम पाळून. शिवाय नावापुढे फक्त व्याप्ती: राज्य की राष्ट्रीय. वर्गणी किती, कार्यकारिणीवर कोण, यासाठी रकानाच नाही.

"मागण्या कळतात." धोरणविषयक भूमिकांचा तक्ता 'लीडरशिप' निर्देशकांत येतो, म्हणजे ऐच्छिक. कोरा सोडला तरी नियमभंग होत नाही, आणि 'आम्ही संघटनांमार्फत मत मांडतो' एवढ्या एका वाक्यावरही भागवता येतं.

"तपासलेलं असतं." त्रयस्थ तपासणी बीआरएसआर कोअरच्या, म्हणजे अहवालातल्या निवडक निर्देशकांच्या संचाच्या, नऊ घटकांपुरती आहे. त्यातल्या 'व्यवसायाचा खुलेपणा' या घटकाच्या नावाला भुलू नका. त्यात व्यापारी पेढ्या, विक्रेते आणि संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार येतात. संघटनांचं सदस्यत्व नाही.

"अमेरिकेइतकंच." तिथे १९९५ चा लॉबिंग प्रकटन कायदा आहे. दर तिमाहीला खर्चाची रक्कम, विषय आणि कोणत्या सभागृहाशी वा खात्याशी संपर्क केला ते नोंदवावं लागतं. २०१२ मध्ये वॉलमार्टच्या अशाच विवरणांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय दिसला आणि आपल्या संसदेत गदारोळ उडाला. कागद अमेरिकी यंत्रणांकडे केलेल्या लॉबिंगचा होता. आपल्याकडे असा कायदाच नाही, मग नोंदवही कुठून असणार? अर्थात तिथेही संघटना आपला एकूण खर्च सांगते, कोणत्या सदस्याने किती वर्गणी भरली ते सहसा सांगत नाही.

मग भारतात शोधायचं कुठे? दूरसंचार नियामक ट्रायच्या सल्लामसलतीत कंपन्या आणि त्यांच्या संघटना यांची मतं नावानिशी संकेतस्थळावर येतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वीजदराच्या प्रकरणांत राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशात हरकती आणि त्यांना मिळालेली उत्तरं नोंदलेली असतात. मंत्रालयांपुढच्या मागण्यांसाठी संघटनेचं अर्थसंकल्पपूर्व निवेदन तिच्याच संकेतस्थळावर शोधा आणि कंपनीच्या तत्त्व ६ मधल्या पर्यावरणाच्या दाव्यांशी ताडून पाहा.

निवेदन तिथे नसेल तर केंद्रीय खात्याकडे १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'सर्व पत्रव्यवहार द्या' असं मोघम लिहिलंत तर साधनसामग्रीवर ताण पडतो असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. संघटनेचं नाव, विषय आणि महिना लिहा. संघटनेने मजकूर गोपनीय म्हणून दिलेला असेल तर कलम ११ खाली तिला आधी नोटीस जाते, म्हणून ३० ऐवजी ४० दिवस धरून चाला.